मदत हवी आहे: गोलकीपरच्या स्लाइडवर आणि उचललेल्या किकवर पंच नेमकं काय बघतात?

निळी टर्फ

नमस्कार. मी सोळा वर्षांखालच्या मुलींच्या हॉकी संघाला शिकवते. प्रश्न आमच्या गोलकीपरचा आहे. नियमपुस्तकातला ९ आणि १० क्रमांकाचा नियम वाचून झालाय, त्यामुळे नियमाचा मजकूर नकोय. शिट्टी हातात असलेला माणूस त्या अर्ध्या सेकंदात कशाकडे बघतो, ते समजून घ्यायचंय.

पहिला प्रसंग. समोरची फॉरवर्ड एकटी डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) घुसली. आमची मुलगी पुढे झेपावली आणि कुशीवर आडवी पडली. पॅडवर पॅड, स्टिक टर्फला टेकलेली. चेंडू वरच्या पॅडला लागून बाजूला गेला आणि फॉरवर्ड तिच्या पायांवर अडखळून पडली. पंचांनी खेळ चालू ठेवला. दुसऱ्या एका सामन्यात जवळपास तशाच स्लाइडवर पेनल्टी कॉर्नर (गोलरेषेवरून चेंडू बाहेर देऊन हल्ल्याला मिळणारी संधी) दिला गेला, आणि नंतर एकदा तर थेट पेनल्टी स्ट्रोक (फक्त कीपरसमोर जवळून एक शॉट). आता ती मला विचारते, "ताई, मी पडू की नको?" ती स्लाइड करायला कचरायला लागली आहे. अर्धवट पडणाऱ्या कीपरला दुखापत होते, म्हणून मला जास्त काळजी वाटते.

दुसरा प्रसंग. डीमध्ये गर्दी होती. टप्पा पडून चेंडू जरा वर आला आणि तिने जोरात किक मारली. तीन-चार मीटरवर उभ्या असलेल्या मुलीच्या छातीपर्यंत चेंडू चढला, तिने मान फिरवून कशीबशी वाट काढली. लगेच शिट्टी, पेनल्टी कॉर्नर. बाकावरच्या सगळ्यांचं म्हणणं एकच: कीपरला डीमध्ये लाथेने मारायची मुभा आहे, मग हे कसं?

तिसरा प्रसंग. धक्काबुक्कीत तिची स्टिक हातातून निसटली. पुढचा शॉट तिने पॅडने अडवला, तर पंचांनी स्ट्रोक दिला. पालकांना हा निर्णय फारच कडक वाटला.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. पंचांशी हुज्जत घालायची नाहीये, मुलीला नीट शिकवायचंय.

शिट्टीवाला

ताई, मी बरीच वर्षं क्लब आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना पंच म्हणून उभा राहतोय. तिसऱ्या प्रसंगाचं उत्तर सरळ आहे, ते आधी देतो. कीपरला पाय, पॅड, हात, अंग वापरायची जी सवलत आहे तिला दोन अटी आहेत: चेंडू तिच्या डीमध्ये हवा आणि तिच्या हातात स्टिक हवी. स्टिक सुटली की पॅडने अडवणं हा गुन्हा ठरतो, आणि त्या अडवण्याने होणारा गोल टळला असेल तर स्ट्रोकच. पंचांकडे दुसरा पर्याय नव्हता. मुलीला सांगा, स्टिक सुटली तर आधी ती उचल.

जाता जाता: डीची रेषा डीचाच भाग आहे, आणि बघायचं असतं ते चेंडू कुठे आहे हे. कीपर स्वतः रेषेबाहेर उभी असली तरी चेंडू रेषेवर असेल तर ती पायाने खेळू शकते. उलट ती आत आणि चेंडू बाहेर असेल तर फक्त स्टिक. अनेक कीपर हे उलटं समजून बसलेल्या असतात.

आता किक. कीपरला चेंडू लाथाडायची मुभा आहे, आणि किक उंच गेली एवढ्यावर शिट्टी वाजत नाही. पण धोकादायक खेळाचा नियम मैदानावरच्या सगळ्यांना लागू आहे, कीपर त्यातून सुटलेली नाही. चेंडूमुळे समोरच्या खेळाडूला रास्तपणे अंग चुकवावं लागलं तर तो चेंडू धोकादायक. फ्लिक किंवा स्कूप (स्टिकने ढकलून किंवा खालून उचललेला चेंडू) पाच मीटरच्या आत समोरच्याच्या दिशेने उचलला तर धोकादायक धरतात, आणि किकलाही आम्ही मनात तेच माप लावतो. तुमच्या प्रसंगात अंतर तीन-चार मीटर, चेंडू छातीपर्यंत, मुलीने मान फिरवली. मीही कॉर्नरच दिला असता.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, मी किक बघत नसतो. किक बसली की माझी नजर चेंडूच्या पुढे, ज्या खेळाडूकडे तो चाललाय तिच्यावर जाते. तिच्या खांद्यांवरून कळतं. जी खरोखर वाचवते तिचे खांदे आणि मान एकदम वळतात, स्टिक खाली येत नाही. जी नाटक करते ती आधी चेंडू जाऊ देते आणि मग हात वर करते.

स्लाइडबद्दल संध्याकाळी लिहितो, तो विषय मोठा आहे.

सेंटर हाफ

फॉरवर्डची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय. मी पुढच्या फळीत खेळलोय. हेल्मेट, छातीचं कवच, पॅड, किकर (पावलांवरचं कवच) घातलेली व्यक्ती अंगावर झेपावते तेव्हा आमच्या नडगीवर फक्त शिनपॅड असतो. कीपरला काही होत नाही, आमचा घोटा जातो. पहिल्या प्रसंगात फॉरवर्ड पडली, म्हणजे तिला खेळू दिलं नाही. माझ्या मते तिन्ही वेळा शिट्टी हवी होती.

शिट्टीवाला

सेंटर हाफ, तुमची काळजी रास्त आहे आणि नियमातही ती आहे. अंगावरच्या संरक्षक साहित्याचा फायदा घेऊन कीपरने दुसऱ्यांना धोका होईल असं वागायचं नाही, असं स्पष्ट लिहिलंय. पण 'पडली म्हणून शिट्टी' हे मला मान्य नाही. नियमपुस्तकात घसरून केलेल्या बेदरकार टॅकलबद्दल जी ताकीद आहे ती मैदानी खेळाडूंचा उल्लेख करून आहे. कीपरचं स्लाइड करणं हा तिच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे ती पडली का, हा प्रश्नच नसतो. ती चेंडूसाठी पडली की फॉरवर्डसाठी, हा प्रश्न असतो.

ते ठरवताना मी क्रम बघतो. आधी चेंडू लागला की आधी पाय? आधी चेंडू लागला, तर पुढचा प्रश्न: तो गेला कुठे? तुमच्या पहिल्या सामन्यात तो बाजूला, फॉरवर्डच्या आवाक्याबाहेर गेला. त्यानंतर ती अडखळली, पण तिचं खेळण्यासारखं काही उरलं नव्हतं. खेळ चालू ठेवणं बरोबर. चेंडू पॅडला नुसता घासून फॉरवर्डच्या पुढ्यातच राहिला आणि कीपरच्या अंगाने तिची वाट अडवली, तर गुन्हा झाला. कीपरने मुद्दाम काही केलं नाही आणि गोलची शक्यताही पक्की नव्हती, तर कॉर्नर. रिकामा गोल समोर होता, तर स्ट्रोक. मुद्दाम पाडलं आणि चेंडू फॉरवर्डच्या ताब्यात होता, तरीही स्ट्रोक. म्हणजे तुमच्या तीन निर्णयांत पंचांचे मतभेद असतीलच असं नाही. स्लाइड एकच असली तरी चेंडू तीन ठिकाणी गेला असेल.

आणखी एक कारण सांगायला हवं. पंच हल्ल्याच्या उजव्या बाजूला, गोलरेषेजवळ उभा असतो. कीपर त्याच्याकडे पाठ करून पडली तर पॅडवर चेंडू लागलेला त्याला दिसतच नाही. दिसते ती उडालेली फॉरवर्ड. अशा वेळी चेंडूची दिशा बदलली का आणि पॅडवर 'थप्प' आवाज आला का, यावर निर्णय होतो. स्थानिक सामन्याला व्हिडिओ पंच नसतो.

हेतूबद्दल. धोकादायक खेळाची शिट्टी वाजवायला हेतू लागत नाही, तो कॉर्नर की स्ट्रोक आणि कार्ड कोणतं हे ठरवताना येतो. आणि तिथे तो किती अवघड असतो हे पॅरिस २०२४ ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात सगळ्यांनी पाहिलं. ग्रेट ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला भारताच्या अमित रोहिदासची स्टिक विल कॅलननच्या चेहऱ्याला लागली, व्हिडिओ बघून लाल कार्ड निघालं. भारताने पुढचा सगळा सामना दहा जणांत काढला, १-१ वर रोखला आणि शूटआउट (बरोबरीनंतर एकेक खेळाडू विरुद्ध कीपर) ४-२ ने जिंकलं. स्टिक मुद्दाम फिरवली की धावता धावता गेली, यावर लोक अजून वाद घालतात. संथ गतीचं चित्र समोर असताना ही स्थिती, तर एकट्या पंचाकडून हेतू अचूक ओळखायची अपेक्षा किती ठेवायची? म्हणून तुमच्या मुलीने हेतूबद्दल शंकाच येणार नाही असं पडायला शिकावं.

पॅडवाली

ताई, तेच मी सांगू शकते. मी कॉलेजपासून गोलमध्ये उभी राहिले आणि आता कीपर मुलींना शिकवते.

पंचांना शंका येते ती बहुतेकदा पायांमुळे. स्लाइड करताना वरचा पाय गुडघ्यात वाकून हवेत राहिला की किकरचा तळवा फॉरवर्डच्या नडगीकडे होतो. चेंडू आधी लागला असला तरी ते चित्र वाईट दिसतं, आणि ते खरंच धोक्याचंही असतं. तिला सांगा, वरचा पाय खालच्या पायावर पूर्ण बसला पाहिजे, अंग लांब आणि जमिनीला चिकटून. फॉरवर्डच्या पायांकडे न घसरता, चेंडू पुढच्या क्षणी जिथे असेल त्या रेषेवर आडवं व्हायचं. आणि वेळ! फॉरवर्डचा चेंडू स्टिकपासून सुटतो तो क्षण पकडायचा. चेंडू स्टिकला चिकटलेला असताना पडलात तर ती तुम्हाला वळसा घालते, मग उशिरा फेकलेला हात किंवा पाय तिला लागतो. स्ट्रोक जातात ते या दुसऱ्या धडपडीत, पहिल्या स्लाइडमध्ये क्वचित.

सराव असा घ्या: फॉरवर्डला तेवीस मीटरच्या रेषेवरून धावू द्या, पण डीमध्ये येईपर्यंत कीपरने पायांवर राहायचं. पडायचं की नाही हे तिने फॉरवर्डच्या लांब पडलेल्या टचवर ठरवायचं. टच लांब पडलाच नाही तर उभ्यानेच कोन कमी करत बाजूला ढकलत न्यायचं. न पडता वाचवलेले गोल वाढले की पडण्याची भीती आपोआप कमी होते, माझ्या मुलींमध्ये हे स्पष्ट दिसलंय.

किकचं म्हणाल तर उसळत्या चेंडूवर जोर लावू नये. किकरच्या आतल्या बाजूने, गुडघा चेंडूच्या वर ठेवून, बाजूच्या रेषेकडे. गर्दी असेल तर पॅडने किंवा हाताने गोलरेषेबाहेर वळवलेला चेंडू चालतो. मैदानी खेळाडूने मुद्दाम मागे काढला तर कॉर्नर जातो, कीपरने वळवला तर जात नाही. हाताने मात्र नुसतं दूर सारायचं, लांब फटका मारायचा नाही.

निळी टर्फ

सगळ्यांचे मनापासून आभार. पाय हवेत राहतो हे अगदी खरं आहे, तिच्या सरावाच्या व्हिडिओत आत्ता पुन्हा बघितलं. वरचा पाय दर वेळी उचललेला असतो.

अजून एक विचारू का? उलट बाजूचा धोका. ती खाली पडलेली असताना चेंडू तिच्या अंगाजवळ अडकतो आणि समोरच्या मुली स्टिकने कोचत राहतात. शिवाय कॉर्नरला गोलरेषेवर उभ्या असलेल्या आमच्या डिफेंडरच्या मांडीला फ्लिक बसला, तेव्हा तो धोकादायक की स्ट्रोक?

शिट्टीवाला

कोचणं. कीपरने चेंडूवर पडून राहायचं नसतं, तो तिचा गुन्हा. पण चेंडू तिच्या अंगाखाली दिसेनासा झाला आणि समोरच्या मुली हात-मानेजवळ स्टिक मारतायत, तर मी ताबडतोब शिट्टी वाजवतो. कवच घातलंय म्हणून कीपरला मारता येत नाही, हेल्मेटच्या खाली गळा असतो. मग ठरवतो की ती चेंडू झाकून बसली होती की तिला निघायला जागाच दिली नाही. तिने हात वर उचलून चेंडू मोकळा करण्याचा प्रयत्न दिसेल असा करावा, त्याने पंचाला फार मदत होते.

कॉर्नरचं. पहिला शॉट स्टिक फिरवून मारलेला फटका असेल तर तो गोलच्या तळाच्या फळीच्या उंचीपेक्षा, म्हणजे ४६० मिलिमीटरपेक्षा वर जाऊन गोल होत नाही. फ्लिकला उंचीची मर्यादा नाही, फक्त तो धोकादायक नसावा. धावत बाहेर आलेली डिफेंडर पहिल्या शॉटपासून पाच मीटरच्या आत असेल आणि चेंडू गुडघ्याखाली लागला तर पुन्हा कॉर्नर. नेहमीच्या उभ्या स्थितीत गुडघ्याला किंवा वर लागला तर शॉट धोकादायक, फ्री हिट बचावाला. पण स्टिकने खेळायचा प्रयत्नही न करता ती सरळ शॉटच्या वाटेत घुसली, तर गुन्हा तिचा.

गोलरेषेवरची डिफेंडर या पाच मीटरच्या बाहेर असते, म्हणून तिथे पंचाला विचार करावा लागतो. मी बघतो की तिला चेंडू दिसला होता का, स्टिक आणायला वेळ होता का, आणि ती खेळत होती की जीव वाचवत होती. शॉट रास्त होता आणि तिच्या मांडीने गोल अडला, तर स्ट्रोक. समोरच्या गर्दीतून चेंडू अचानक वर आला आणि ती नुसती आक्रसली, तर मी धोकादायक धरतो. सोळा वर्षांखालच्या सामन्यात माझी शिट्टी लवकर वाजते आणि याबद्दल मला जराही संकोच नाही. मोठ्या ड्रॅग फ्लिकरसमोर (कॉर्नरला जोरात फ्लिक मारणारीसमोर) रेषेवर उभं राहायची कसब या वयात तयार झालेली नसते.

पॅडवाली

एक राहिलं. शूटआउटमध्ये फॉरवर्डला तेवीस मीटरवरून आठ सेकंद मिळतात आणि कीपर गोलरेषेवरून निघते. तिथे कीपरकडून नकळत फाउल झाला तर तीच खेळाडू पुन्हा घेते, मुद्दाम केला तर स्ट्रोक. त्यामुळे वरचा पाय उचलण्याची सवय शूटआउटच्या आधी मोडून काढा. तिचा व्हिडिओ चेहरा न दिसेल असा कापून इथे टाकता आला तर टाका, पाय कुठून उचलला जातोय ते बघून सांगते.

निळी टर्फ

तिच्या आईला विचारून उद्या टाकते. बहुतेक वरच्या गुडघ्याची घाई आहे, पण तुम्ही बघाच.