सहा पावसाळे उघड्यावर उभा असलेला व्हील लोडर: काम कुठून सुरू करावं?

चिरेखाण_राजापूर

राजापूर तालुक्यातल्या बंद चिरेखाणीवर पावणेदोन घनमीटर बकेटचा जुना लोडर उभा आहे, मधोमध वळणाऱ्या चासीचा. सहा पावसाळे वर झाकण नाही. उभा केला तेव्हा चालत होता. सहा सिलिंडर, इनलाइन डिझेल पंप, टर्बो नाही, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), २४ व्होल्ट, टायर १७.५-२५. कंपनीची प्लेट गंजून वाचता येत नाही. सायलेन्सरला टोपी नव्हती. पंखा हाताने हलत नाही. मशीन उजवीकडे वळवून उभं आहे, त्यामुळे डावा स्टिअरिंग जॅक (मशीन वळवणारा हायड्रोलिक सिलिंडर) पूर्ण बाहेर आहे आणि त्याच्या रॉडवर गंजाचे ठिपके दिसतात.

खर्चात पडण्याआधी काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने? मे अखेरीपर्यंत काम संपवायचं आहे.

गॅरेज_खेर्डी

सगळ्यात आधी चासी लॉक करा. मधल्या सांध्याला लोखंडी लॉक बार असतो. तो हरवला असेल तर करून घ्या, पण त्याशिवाय दोन चासींच्या मध्ये कोणालाही जाऊ देऊ नका. चारही चाकांना ओंडके लावा, हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका.

इंजिनाला सेल्फ मारायचा मोह टाळा. सायलेन्सर उघडा होता म्हणजे पावसाचं पाणी मॅनिफोल्डमधून, ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता त्यात उतरलं असणार. बहुतेक एक-दोन लायनरच (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) गंजाने धरलेले निघतात, सगळं इंजिन जाम नसतं.

चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा) ड्रेन नट अर्धाच सैल करा. पाणी तळाला बसतं, त्यामुळे असेल तर तेच आधी येईल. गिअरबॉक्स, हायड्रोलिक टाकी, दोन्ही एक्सल आणि चारही हब याच पद्धतीने बघा. कशातून किती पाणी आलं ते लिहून ठेवा, कारण खर्चाचा अंदाज त्यावरून येतो. हबमध्ये पाणी निघालं तर तो हब उघडायचाच, नुसतं तेल बदलून बेअरिंगचा गंज जात नाही.

मग सहाही नोझल काढा. प्रत्येक भोकातून ५० मिली एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि डिझेल समसमान मिसळून सोडा. तीन-चार दिवस ठेवा, रोज थोडं वाढवा. रॉकर कव्हर उघडून व्हॉल्व्हच्या दांड्यांवरही तेच घाला. फिरवायचं ते फ्लायव्हीलच्या दात्यांवरून, बेल हाउसिंगच्या खिडकीतून टॉमी (लोखंडी दांडा) घालून: थोडं पुढे, थोडं मागे. पुलीच्या नटावर उलटं जोर लावला तर नटच सुटतो. फिरायला लागल्यावर दुसऱ्या माणसाने बाराही व्हॉल्व्ह वरखाली होतात का ते बघायचं. एखादा उघडाच अडकला असेल तर पिस्टन त्याला धडकतो आणि पुशरॉड वाकतो.

नाहीच फिरलं तर हेड उतरवा. घण मारू नका आणि दुसऱ्या मशीनने ओढून चालू करायला जाऊ नका. टॉर्क कन्व्हर्टरमुळे इंजिन तसं चालू होत नाही, उलट गिअरबॉक्सचा पंप बंद असताना चाकं फिरतात आणि क्लचप्लेटा, बेअरिंगं कोरडी घासतात.

ब्रीदर (इंजिन-गिअरबॉक्सची हवा जायची नळी), डिझेल टाकीचा श्वास (हवेचं भोक) आणि एअर फिल्टरचं तोंड तारेने साफ करा. आपल्याकडे कुंभारीण माशी अशा प्रत्येक नळीत मातीचं घर करते. टाकीचा श्वास बुजला की इंजिन अर्ध्या तासाने दम टाकतं आणि दोष उगाच पंपावर जातो.

पंप_नोझल_कुडाळ

वरचं सगळं बरोबर. एक गोष्ट मात्र जोडतो, तिच्यात जीव जाऊ शकतो. इनलाइन पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) गंजून फुल डिझेलच्या जागी अडकलेली असू शकते. इंजिन लागलं की ते सुसाट सुटतं आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही. म्हणून पहिल्या स्टार्टच्या आधी पंपाचं बाजूचं झाकण काढा. रॅक दोन्ही बाजूंना बोटाने अलगद सरकली पाहिजे. सरकत नसेल तर पंप दुकानात तपासणीच्या टेबलावर गेलाच पाहिजे, घरी ठोकाठोकी नको. पंप उतरवण्याआधी टायमिंगच्या खुणा पंचने पक्क्या करून घ्या.

टाकी उतरवून धुवा. इतक्या वर्षांत डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर काळी बुळबुळीत साय धरते, ती जिवाणू-बुरशीची असते. फिल्टर बदलून ती थांबत नाही, दोन तासांत नवा फिल्टरही चोंदतो. पहिला स्टार्ट उंचावर टांगलेल्या पाच लिटरच्या स्वच्छ कॅनवर करा. हवा काढायची ती आधी फिल्टरच्या स्क्रूवर, मग पंपाच्या स्क्रूवर, शेवटी सेल्फ मारत नोझलच्या नटांवर.

त्याच्याही आधी, नोझल बाहेर असताना आणि डिझेल बंद ठेवून, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत सेल्फ मारा. एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. इंजिन लागेल त्या क्षणी एक माणूस एअर इनटेकच्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभा हवा. सुसाट सुटलं तर फळीने तोंड बंद करायचं. हात किंवा फडकं कधीच नाही, ते आत ओढलं जातं.

चिरेखाण_राजापूर

दोघांचेही आभार. चार दिवस एटीएफ ठेवून इंजिन पूर्ण फेरा फिरलं, बाराही व्हॉल्व्ह हलतात. गिअरबॉक्समध्ये पाणी नाही. मागच्या उजव्या हबमधून पाव लिटरभर पाणी आलं. मधल्या सांध्यात मात्र खेळ आहे: चासीखाली जॅक लावून उचलली तर सांधा ४ मिमी वर-खाली होतो. नवी पिन टाकून भागेल का?

लेथवाले_उद्यमनगर

उभा खेळ आणि आडवा खेळ वेगळे मोजा. उभा खेळ शिम (पातळ चकत्या) आणि थ्रस्ट वॉशर झिजल्याचा, तो स्वस्तात भरून निघतो. आडव्या खेळासाठी एका चासीला डायल गेज बांधून दुसरी पहारीने ढकला, वरच्या सांध्यावर वेगळं आणि खालच्यावर वेगळं. आडवा खेळ अर्ध्या मिमीच्या पुढे गेला असेल तर पिन काढून भोकाचा व्यास दोन दिशांनी घ्या. भोक लांबट झालं असेल तर नवी पिन महिनाभरात तशीच खडखडते. मग वेल्डिंगने भरून जागेवरच लाइन बोरिंग (भोकं एका रेषेत पुन्हा कातणं) करावं लागतं, तेही वरची-खालची भोकं एकाच बारवर, नाहीतर पिन तिरकी बसते. हे मशीन घाट चढवून कोल्हापूरला आणायची गरज नाही, बोरिंगचा सेट खाणीवर येतो. पिन ईएन १९ पोलादाची, वरून इंडक्शनने कडक केलेली करा. बुश (पिनभोवतीची नळी) ठोकून बसवू नका, कोरड्या बर्फात थंड करून सरकवा.

वेल्डिंगला लो हायड्रोजन रॉड लागतील, आणि कोकणातल्या हवेत उघड्या पाकिटातला रॉड ओल धरतो. ओल्या रॉडचं वेल्ड वरून छान दिसतं आणि आतून तडकतं. ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजूनच वापरा. बॅटरी सोडवा, आल्टरनेटरच्या तारा काढा, अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. तो दूर मागच्या चासीवर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो.

स्टिअरिंग जॅकच्या रॉडवर नख फिरवा. नख अडकलं तर तो खड्डा सील फाडणारच. सील किट मागवताना जुन्या सीलचं माप घेऊ नका, ते दबून किंवा फुगून बदललेलं असतं. खाचेचं आणि रॉडचं माप घ्या.

हायड्रोलिक_मिरजोळे

रॉडबद्दल थोडा वेगळा सल्ला. बकेटच्या जॅकवर दोन-चार बारीक खड्डे असतील तर इपॉक्सीने भरून, बारीक पॉलिश पेपरने सपाट करून हंगाम निघतो, थोडं तेल गळेल इतकंच. स्टिअरिंगच्या जॅकवर मात्र हा उपाय मुळीच करू नका. तो रॉड घासून पुन्हा हार्ड क्रोम करून घ्या, वाकला असेल तर नवा करा.

पंपाच्या सक्शनचा होस न बघता बदला. बाहेरून धड दिसतो, आतून भेगाळलेला असतो, तेल गळत नाही पण हवा ओढतो. टाकीत फेस आणि पंपाची शिट्टी ही त्याची खूण. टाकी भरल्यावर पंपाच्या तोंडाशी तेल आल्याची खात्री करूनच इंजिन लावा. आपल्या उन्हाळ्याला ६८ ग्रेडचं तेल ठीक. पहिल्या ५० तासांनी रिटर्न फिल्टर बदला, सगळा गंज तिथे येऊन बसतो.

गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू, न्यूट्रल आणि तेल गरम असताना मोजतात. बंद इंजिनवर मोजून कमी-जास्त करू नका.

ब्रेकचे व्हील सिलिंडर सगळे उघडा, ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि आत गंज धरतो. ब्रेकच्या रबरांना डिझेल किंवा हायड्रोलिक तेल लागू देऊ नका, फुगतात.

टायरांबद्दल कळकळीने सांगतो. २५ इंची रिम तुकड्यांची असते, लॉक रिंग गंजलेली असणार. चाकाचा एकही नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची कोर काढून हवा पूर्ण सोडा. हवा भरताना चाक पिंजऱ्यात किंवा साखळीने बांधून, लांब नळीने, बाजूला उभं राहून भरा. गंजलेली रिंग उडाली तर माणूस वाचत नाही. रिंग झिजलेली असेल तर फेकाच.

गॅरेज_खेर्डी

रंगाचं राहिलं. खाणीवर समुद्राचा वारा येत असेल तर घासण्याआधी मशीन गोड्या पाण्याने धुवा. मीठ तसंच राहिलं की प्रायमरखाली वर्षभरात फोड येतात. घासून झाल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा, पहाटे दव असताना तर नाहीच. डिसेंबर ते फेब्रुवारीत दुपारी ११ ते ४ एवढाच वेळ धरा. म्हणजे रंग मेसाठी ठेवू नका, आत्ताच चासी उघडी असताना सांध्याच्या आतल्या बाजू रंगवून घ्या. रेडिएटरमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी घालू नका, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी समसमान. आणि सायलेन्सरला झडपेची टोपी आजच लावा.