एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेसाठी रोज दोन तास पेपर वाचणं म्हणजे वेळेची नासाडी

पेठेतला_जुना
अभ्यासिकेत रोज सकाळी हेच चाललेलं असतं. समोर इंग्रजी पेपर, हातात दोन रंगांचे हायलायटर, आणि साडेदहा वाजले तरी गडी संपादकीय पानावरच. पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनात १०० प्रश्न, २०० गुण. त्यात चालू घडामोडींचे धरा पंधराएक. तेवढ्यासाठी दिवसातला सगळ्यात ताजा वेळ द्यायचा आणि राज्यघटना दुपारी पेंगत वाचायची? एक मासिक लावा, परीक्षेआधी वर्षभराच्या घडामोडींची एक वार्षिकी घ्या आणि तिचीच चार वेळा रिव्हिजन मारा. पुण्यात येऊन लोक पोस्ट काढायच्या आधी पेपरवाचनात पीएचडी काढतात.

रानवारा
दादा, तुम्ही अजून जुन्या पॅटर्नमध्येच आहात. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. निबंध २५० गुणांचा, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०. वार्षिकीतल्या वनलायनरवर तिथे दहा ओळी लिहून दाखवा.

साधं उदाहरण घ्या. केंद्र आणि राज्यांत करांचा पैसा कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या १६व्या वित्त आयोगाचे अध्यक्ष अरविंद पनगढिया, राज्यघटनेचं कलम २८०. हे वार्षिकीत मिळेल आणि पूर्वला एक प्रश्न सुटेल. पण केंद्रीय करांत राज्यांचा वाटा १४व्या आयोगाने ४२ टक्के ठेवला होता, तो १५व्याने ४१ का केला? जम्मू-काश्मीर राज्य न राहता केंद्रशासित झालं म्हणून. आणि उपकर-अधिभाराचा पैसा वाटपाच्या रकमेत धरतच नाहीत, म्हणून राज्यं कुरकुरतात. हा वाद महिनोन्महिने बातम्यांतून वाचला असेल तरच पेन चालतं.

पेठेतला_जुना
मुख्यला बसायला आधी पूर्वचा कटऑफ पार करावा लागतो, ताई. आणि तुम्ही लिहिलेलं सगळं चांगल्या मासिकाच्या एका लेखात असतं. त्यासाठी ३६५ पेपर कशाला?

एसटीची_वाट
आमच्या गावात पेपर येतो अकराच्या एसटीने, तोही आला तर. मी पतसंस्थेत नोकरी करतो. टेलिग्रामवर रोज चार पीडीएफ पडतात, तेवढंच. 'हिंदू पेपर वाचल्याशिवाय होत नाही' हे पुण्यात खोली परवडणाऱ्यांनी सांगू नये.

रानवारा
भाऊ, इंग्रजी पेपरच वाचा असं मी कुठे म्हटलं? पण ते पीडीएफ जरा जपून. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या किल्ल्यांना युनेस्कोचं मानांकन मिळालं. त्यानंतर मला आलेल्या एका पीडीएफमध्ये 'महाराष्ट्रातील १२ किल्ले' असं ठोकून दिलं होतं. महाराष्ट्रातले ११, बारावा जिंजी तामिळनाडूत. 'सर्व किल्ले महाराष्ट्रात आहेत' असं विधान आलं की गेला प्रश्न, वर त्या प्रश्नाच्या पाव गुणांचं निगेटिव्ह.

कोरा_कागद
दोघांनीही पीवायक्यू, म्हणजे मागच्या वर्षांचे प्रश्न, समोर ठेवून भांडा. लोकसेवा आयोग तारीख कमी आणि विधानं जास्त विचारतो. ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली की त्याच दिवशी राज्यातली यादीतली आधीची ठिकाणं, नांदूर मधमेश्वर आणि लोणार, नकाशावर बघायची, रामसर करार १९७१चा हे बाजूला लिहायचं. बातमी एक, काम भूगोल-पर्यावरणाचं. यात वीस मिनिटंही जात नाहीत. क्रिकेट, राजकीय चिखलफेक आणि कोण कोणत्या पक्षात गेला हे सोडलं तर पेपरात उरतं किती?

एसटीची_वाट
हे जमण्यासारखं आहे. आकाशवाणीच्या बातम्या आणि पीआयबीचं (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं) मराठी पान मोबाईलवर बघतो. पण महाराष्ट्राची आर्थिक पाहणी अख्खी वाचायची का? तिचे तक्ते बघूनच घाम फुटतो.

कोरा_कागद
अख्खी नको. सुरुवातीचा गोषवारा, मग कृषी, उद्योग आणि सामाजिक क्षेत्र. आकड्यांपेक्षा कोणता विभाग पुढे, कोणता मागे ते बघा. अर्थसंकल्पाच्या तोंडावर नवी येते, जुनी पाठ करत बसू नका.

पेठेतला_जुना
वीस मिनिटांवर माझा आक्षेप नाही. दोन तासांवर आहे, आणि तो राहणार.

रानवारा
मग धाग्याच्या नावात 'दोन तास' ठळक करा, अर्धे लोक पेपरच बंद करतील.