दीर्घिकांचं अंतर आणि ताराजन्माचा दर वर्णपटावरून काढायचाय, कुठला डेटा घेऊ?

मृगशीर्ष: नमस्कार मंडळी. बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी दूरच्या दीर्घिकांची अंतरं आणि त्यांतला ताराजन्माचा दर काढायचाय. लॅपटॉप आहे, पायथन बऱ्यापैकी येतं. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचा डेटा घ्यावा असं मनात आहे. जमेल का?

अनुराधा: वेब सध्या राहू दे, स्लोन सर्व्हे (आकाशाचं मोठं सर्वेक्षण) घे. न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीने टिपलेले लाखो वर्णपट त्याच्या स्कायसर्व्हर या वेबसाइटवर फुकट मिळतात आणि रेषा नुसत्या नजरेलाही दिसतात.

एक दीर्घिका उघड आणि हायड्रोजनची एच-अल्फा ही रेषा शोध. हवेत ती ६५६.२८ नॅनोमीटरला असते, पण स्लोन निर्वातातली तरंगलांबी देतं, म्हणून ६५६.४६ धर. ती ७२२.१ ला सापडली तर भागाकार १.१, म्हणजे रेडशिफ्ट (रेषा लाल बाजूला किती सरकली ते) १.१ वजा १, ०.१. तो प्रकाश निघून साधारण १.३ अब्ज वर्षं झाली. मात्र एकाच रेषेवर विसंबू नकोस. हायड्रोजनचीच एच-बीटा आणि ऑक्सिजनची ५००.७ ची रेषाही त्याच पटीत सरकलेली दिसायलाच हवी. रेडशिफ्टवरून अंतर काढायचं गणित अ‍ॅस्ट्रोपाय या पायथन लायब्ररीत तयार आहे. हबल स्थिरांक (विश्व किती वेगाने प्रसरतंय तो आकडा) ६७ घेतलास की ७३, ते अहवालात लिही.

कृत्तिका: +१. ताराजन्माचं सांगते, खरी मेहनत तिथे आहे. एच-अल्फा उजळते ती अतितप्त, भारी ताऱ्यांमुळे. ते जेमतेम काही दशलक्ष वर्षं जगतात, म्हणून तिच्यावरून अगदी अलीकडचा ताराजन्म कळतो. एच-अल्फाच्या तेजावरून दर देणारं केनिकट यांचं १९९८ चं सूत्र वापर, पण थेट आकडे घालू नकोस. आधी एच-अल्फाला एच-बीटाने भाग. २.८६ च्या आसपास यायला हवं. जास्त आलं तर मध्ये धूळ आहे, ती निळा प्रकाश जास्त खाते, त्याची दुरुस्ती कर. मग नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषांचा बीपीटी आलेख काढ, गॅस ताऱ्यांनी तापवलाय की कृष्णविवराने ते त्यावरून कळतं. केंद्रातलं कृष्णविवर गॅस तापवत असेल तर ती दीर्घिका यादीतून काढ.

आणि हे बरेच जण विसरतात: स्लोनमध्ये दीर्घिकेचा प्रकाश टिपणारा जुना फायबर आकाशातला फक्त ३ आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ठिपका पाहतो. ०.१ रेडशिफ्टला त्यात जेमतेम १८ हजार प्रकाशवर्षांचा मधला भाग मावतो. तुझा दर त्या भागापुरताच असेल. बाहेरच्या भुजांमधले तारे त्यात धरलेलेच नसतात.

मृगशीर्ष: फायबरचं लक्षातच आलं नसतं, मनापासून आभार! मग वेब कधी लागतं?

अनुराधा: ०.४ रेडशिफ्टच्या पुढे एच-अल्फा स्लोनच्या जुन्या वर्णपटांच्या पट्ट्याबाहेर, अवरक्तात जाते. तिथून पुढे वेबसारखी अवरक्त पाहणारी दुर्बीण हवी.

खोडदकर: एक भर घालतो. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांचे रेडिओ संदेश एकावर एक रचून सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीचा अणुरूप हायड्रोजन मोजला, म्हणजे ताराजन्माचं इंधनच. प्रत्येक दीर्घिकेचा रेडशिफ्ट हवाईच्या केक दुर्बिणीच्या वर्णपटांतून आधीच नेमका माहीत होता, म्हणून ती रचना जमली. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत हे जरूर घे.