गादीसारखी वाढणारी झुडपं : कूज मानेपासून सुरू होते

गादीसारखं वाढणारं झुडूप मधूनच काळं पडलं म्हणजे पाणी जास्त झालं, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. खडकाळ जागेतल्या या झाडांची मुळं खोलवरचा ओलावा सहसा सोसतात. कुजते ती मान, जिथे खोड मातीला टेकतं. म्हणून मान जमिनीच्या किंचित वर ठेवावी आणि पानांच्या खालपर्यंत सरकवून २-३ सेंमी बारीक खडीचा थर द्यावा.

लावताना मुळांभोवतीचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हलक्या हाताने धुऊन टाकावं, हे फार महत्त्वाचं! तो गोळा तसाच राहिला तर मुळं त्यातच घुटमळतात, बाहेरच्या मुरमाड मातीत शिरत नाहीत आणि पहिल्याच उन्हाळ्यात झाड वाळतं. पहिलं वर्षभर पाणी क्वचित पण खोल मुरेल असं, तेही कडेने. खत मात्र नकोच, त्याने गच्च गादी सैल होऊन फाकते.