ब्लॅकजॅक : पूर्ण तक्ता पाठ न करता सुरुवात कुठून करावी?

नवखा_एक्का

नियम कळले आहेत, अडतं ते निर्णयापाशी. बेसिक स्ट्रॅटेजीचा (कोणत्या हाताला कोणता निर्णय बरा ते सांगणारा) तक्ता उघडला की दोन-अडीचशे चौकोन दिसतात आणि डोकं गरगरतं. टेबल असं धरा : ६ कॅट, डीलर प्रत्येक १७ वर थांबतो, ब्लॅकजॅकला (पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाचं पान, म्हणजे दस्सी, गुलाम, राणी किंवा राजा) ३ ला २, स्प्लिटनंतर (जोडी फोडून दोन हात केल्यावर) डबल (पैज दुप्पट करून एकच पान घेणं) चालतं, पहिल्या दोन पानांवर सरेंडर (अर्धी पैज सोडून हात टाकणं) करता येतं. डीलर झाकलेलं पान सुरुवातीलाच घेतो आणि त्याचा ब्लॅकजॅक आहे का ते आधीच बघतो.

१. आधी नेमकं काय पाठ करायचं?
२. डीलर १६ पर्यंत पान घेतो, १७ ला थांबतो. आपणही तेच केलं तर बरोबरी व्हायला हवी ना?
३. हातात १६ आणि समोर दहाचं पान. इथे काहीही केलं तरी हरायलाच होतं.
४. डीलरचा एक्का उघडा असताना इन्शुरन्स ही जोडपैज लावता येते. ती घ्यावी का?

तेरापानी

पहिल्याचं उत्तर देतो. तक्ता चौकोनांनी नाही, डीलरच्या उघड्या पानाने लक्षात ठेवा. दुर्री ते छक्की ही त्याची कमजोर पानं, सत्तीपासून एक्क्यापर्यंत जोरदार. पंजी किंवा छक्की उघडी असेल तर तो १०० पैकी साधारण ४२ वेळा २१ च्या वर जाऊन उडतो. सत्ती उघडी असेल तर हाच आकडा २६ वर येतो. बाकी सगळं या फरकातून निघतं.

हार्ड हात, म्हणजे एक्का नसलेला किंवा एक्का १ च धरावा लागतो असा :

- १७ आणि वर : थांबा.
- १३ ते १६ : कमजोर पानासमोर थांबा, जोरदार पानासमोर पान घ्या.
- १२ : फक्त चौकी, पंजी, छक्कीसमोर थांबा.
- ११ : एक्का सोडून सगळ्यांसमोर डबल.
- १० : दुर्री ते नव्वीसमोर डबल.
- ९ : तिर्री ते छक्कीसमोर डबल.
- ८ आणि खाली : पान घ्या.

जोड्यांमध्ये एक्के आणि अठ्ठ्या नेहमी फोडा. दहा-दहा आणि पाच-पाच कधीही फोडू नका. दहा-दहा म्हणजे हातात आलेले २० आहेत, आणि दोन पंज्या म्हणजे डबल करण्याजोगे १०. दुर्र्या, तिर्र्या, सत्त्या सत्तीपर्यंत फोडा, छक्क्या छक्कीपर्यंत. चौक्या फक्त पंजी-छक्कीसमोर. नव्व्या दुर्री ते नव्वीसमोर फोडा, मधली सत्ती वगळून. तिथे डीलरचे बहुधा १७ होतात आणि तुमच्याकडे १८ तयारच असतात.

सराव करताना आधी हार्ड हात पक्के करा. सर्वात जास्त वेळा तेच येतात. जोड्या नंतर.

अपूर्णांक

प्रश्न २. बरोबरी होत नाही, कारण तुम्ही आधी खेळता. डीलरच्या पद्धतीने खेळणारा १०० पैकी साधारण २८ वेळा उडतो. डीलरही तितकाच उडतो. म्हणजे दोघेही उडतील असे डाव ८ च्या आसपास, आणि तिथे बरोबरी होत नाही, तुमची चिप आधीच उचललेली असते. ब्लॅकजॅकला मिळणारे दीडपट त्यातले सव्वादोन-अडीच टक्के परत देतात. उरलेला तोटा साडेपाच टक्क्यांच्या आसपास. वरचा तक्ता नीट पाळला तर तुम्ही दिलेल्या नियमांत तो अर्ध्या टक्क्याच्या आत येतो. डीलरला थांबणं, डबल करणं, फोडणं यांतलं काही निवडता येत नाही, तुम्हाला येतं. ते वापरलं नाही तर उरतो फक्त आधी खेळण्याचा तोटा.

उलट टोकाची चूक म्हणजे १२ च्या पुढे पानच न घेणं. उडण्याची भीती खरी, पण सत्ती-अठ्ठीसमोर १४ वर बसून राहणं म्हणजे डीलर उडेल या एकाच आशेवर बसणं, आणि तो चारांत एकदाच उडतो.

प्रश्न ३. बरोबर आहे, तो हात वाईटच. घ्या किंवा थांबा, १०० युनिटमागे साधारण ५४ जातात, फरक नावापुरता. तुमच्या टेबलावर सरेंडर आहे ना? मग सोडा. ५० जातील, ५४ नाही. सरेंडर इतक्याच ठिकाणी : १६ समोर नव्वी, दहा किंवा एक्का, आणि १५ समोर दहा. मात्र ८-८ हे १६ यात धरू नका, ते फोडायचे. तिथेही तोटाच आहे, पण सरेंडरपेक्षा थोडा कमी.

सरेंडर नसेल तर पान घ्या. १६ तीन किंवा अधिक पानांचे झाले असतील तर मात्र थांबणं किंचित बरं, कारण तुम्हाला हवी होती ती लहान पानं तुमच्याच हातात येऊन बसलेली असतात.

नवखा_एक्का

दोन गोष्टी अजून अडतात. दुर्री कमजोर पान असेल तर १२ वर का घ्यायचं? आणि एक्का-सत्ती म्हणजे १८ आहेत, तरी काही तक्त्यांत पान घ्या असं का दिसतं?

चौकटची_राणी

१२ वर फक्त दहाची पानं उडवतात, म्हणजे १३ पैकी ४, सुमारे ३१ टक्के. दुर्रीवर डीलर उडतो ३५ टक्के. थांबलात तर जिंकण्याची तेवढीच एक वाट, बाकी ६५ वेळा हरलात. तिर्रीसमोरही हेच, फरक कमी. १३ झाले की उडवणाऱ्या पानांत नव्वी मिळते आणि पारडं थांबण्याकडे झुकतं.

आता सॉफ्ट हात, म्हणजे एक्का ११ धरूनही २१ च्या आत असलेला. एक पान घेऊन तो उडूच शकत नाही. नवखे सर्वात जास्त चुका इथेच करतात, कारण बेरीज दिसते पण एक्का दिसत नाही. एक्का-छक्कीवर कधीच थांबायचं नाही. १७ ने डीलर उडाल्याशिवाय जिंकता येत नाही, आणि पान घेण्यात तिथे धोका नाही.

एक्का-सत्ती : तिर्री ते छक्कीसमोर डबल, दुर्री-सत्ती-अठ्ठीसमोर थांबा, नव्वी-दहा-एक्क्यासमोर पान घ्या. नव्वी उघडी असताना डीलरचे १९ होण्याचा संभव मोठा, तिथे १८ अपुरे पडतात. एक्का-छक्कीलाही तिर्री ते छक्कीसमोर डबल. एक्का-चौकी, एक्का-पंजीला चौकी ते छक्कीसमोर. एक्का-दुर्री, एक्का-तिर्रीला फक्त पंजी-छक्कीसमोर. बाकी ठिकाणी पान. एक्का-अठ्ठी आणि एक्का-नव्वीला हात लावू नका.

डबलसाठी दोनच पानं हवीत. तीन पानांचे सॉफ्ट १८ झाले आणि समोर चौकी असेल तर थांबा. तीन पानांचे सॉफ्ट १७ असतील तर पान घ्या.

सातवा_कॅट

इन्शुरन्स राहिला. तो विम्यासारखा वाटतो, पण आहे वेगळीच पैज : डीलरचं झाकलेलं पान दहाचं आहे का? १३ वेळा एकेक युनिट लावा. ४ वेळा दुप्पट, म्हणजे ८ मिळाले, ९ वेळा ९ गेले. दर १३ मागे एक युनिट तोटा. तुमचा हात चांगला की वाईट याच्याशी त्याचा संबंध नाही.

‘इव्हन मनी’ हे त्याचंच दुसरं नाव. तुमचा ब्लॅकजॅक, समोर एक्का, आणि डीलर म्हणतो लगेच एकास एक घ्या. १३ वेळा घेतलंत तर १३. नाकारलंत तर ९ वेळा दीड, म्हणजे साडेतेरा. नाकारा.

टेबलावर बसण्याआधी ब्लॅकजॅकचा दर वाचा. ६ ला ५ लिहिलं असेल तर उठा. दहाच्या पैजेवर १५ ऐवजी १२, आणि ब्लॅकजॅक येतो साधारण २१ डावांत एकदा. हिशेब केला तर तोटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. वर शिकलेल्या बारकाव्यांतून जे वाचतं त्यातलं बरंच या एका ओळीत जातं.

आणि डीलर झाकलेलं पान शेवटी घेत असेल, तर त्याचा ब्लॅकजॅक निघाल्यावर डबल आणि स्प्लिटचे वाढीव पैसेही जातात. तसं टेबल असेल तर ११ वर दहासमोर डबल करू नका, अठ्ठ्या दहा आणि एक्क्यासमोर फोडू नका, आणि एक्के एक्क्यासमोर फोडू नका. तिन्ही ठिकाणी नुसतं पान घ्या.

नवखा_एक्का

एक्के एक्क्यासमोर न फोडता पान घ्यायचं, म्हणजे तो हात सॉफ्ट १२ धरायचा?

सातवा_कॅट

हो, सॉफ्ट १२. एका पानाने उडत नाही, म्हणून निर्धास्त घ्या. दहाचं पान आलं तर हार्ड १२ होतात आणि समोर एक्का असल्याने पुन्हा घ्यायचं.