तीन केबिनचे पैसे मी भरले, पॉइंट मात्र एकाच केबिनचे का आले?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो. आमच्याकडून बेयोनचं केप लिबर्टी बंदर गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, त्यामुळे विमानाची कटकट नको म्हणून आम्ही रॉयल कॅरिबियनचीच क्रूझ घेत आलोय. त्यांच्या क्राउन अँड अँकर सोसायटीत (नेहमीच्या प्रवाशांना पॉइंट आणि त्यावरून पातळी देणारी योजना) माझे ५१ पॉइंट होते, म्हणजे प्लॅटिनम पातळी.

गेल्या उन्हाळ्यात डोंबिवलीहून आई-बाबा आले होते. बाबा ७४चे, आई ७०ची. दोघांनीही आयुष्यात अलिबागच्या लाँचपलीकडे बोट पाहिली नव्हती. मी ठरवलं, एकदा सगळे मिळून जायचंच. बहामासची ७ रात्रींची क्रूझ, तीन केबिन: एकीत मी, बायको आणि आमचा १२ वर्षांचा मुलगा, दुसरीत डॅलसहून आलेली बहीण आणि मेव्हणे, आणि आई-बाबांना ज्युनियर सूट. बाबांच्या गुडघ्यांमुळे मोठी बाथरूम हवी होती. तिन्ही केबिनचे पैसे मी माझ्याच कार्डाने भरले. बहिणीने खूप वाद घातला, पण ऐकलं नाही.

बुकिंग एका ट्रॅव्हल एजंटकडून केलं. ते फोनवर स्वच्छ म्हणाले होते, "तिन्ही केबिन तुमच्या मेंबर नंबरावर टाकल्यात, सगळे पॉइंट तुम्हालाच येतील." मी मनात हिशोब करून ठेवला: तीन केबिनचे २१, म्हणजे ७२. पुढे एक ९ रात्रींची झाली की ८० पार आणि डायमंड. परत आल्यावर खातं उघडलं तर ५८. फक्त माझ्या ७ रात्री.

पैशांचं दुःख नाही. बाबांनी पहिल्या दिवशी ते सीपास कार्ड (बोटीवरचं ओळखपत्र आणि केबिनची चावी) हातात घेतलं, त्यावरचं स्वतःचं नाव दोनदा वाचलं, आणि खिशातून लोकलच्या पासाचं जुनं प्लास्टिकचं पाकीट काढून त्यात ते सरकवलं. ३४ वर्षं डोंबिवली-व्हीटी केलेला माणूस. जेवायला जाताना, डेकवर, सगळीकडे वरच्या खिशात ते पाकीट. मला सगळं मिळालं त्यात. पण चुकीची माहिती मिळाली याचा राग आहे, आणि पुढच्या वर्षी परत सगळ्यांना न्यायचं आहे म्हणून नीट समजून घ्यायचंय:

आई-बाबांच्या आणि बहिणीच्या रात्री माझ्या खात्यात वळवता येतात का? नसतील तर त्या गेल्या कुठे? आणि पुढच्या वेळी सूटवर कागदोपत्री माझं नाव टाकून आई-बाबांना तिथे झोपवलं तर चालेल का?

गॅल्व्हेस्टनची काकू

तुमच्या एजंटने तुम्हाला चुकीचं सांगितलं. पैसे कोणीही भरो, रॉयलमध्ये पॉइंट त्या केबिनमध्ये ज्याचं नाव आहे त्याला मिळतो, माणशी रात्रीला एक. तुमचा नंबर तिन्ही बुकिंगवर दिसत असला तरी तो संपर्कापुरता. वळवता येत नाहीत. आई-बाबांचे त्यांच्याच नावावर जमा होतात, बहिणीचे बहिणीच्या.

आणि तुम्ही एक गोष्ट पाहिलेली दिसत नाही. ज्युनियर सूट आणि त्याच्या वरच्या केबिनला रात्रीला दोन पॉइंट असतात. म्हणजे ७ रात्रींचे तुम्हाला ७ आले, पण तुमच्या आईला १४ आणि बाबांना १४ आले असणार. तुम्ही त्यांना चांगली केबिन दिलीत, त्याचं फळ त्यांच्याच खात्यात गेलं. ३ पॉइंटला गोल्ड होतं, तेव्हा दोघंही पहिल्याच सफरीत गोल्ड झाले. त्यांची खाती उघडून बघा.

घरच्या घरी काय वाटून मिळतं तेही सांगते. एकाच पत्त्यावर राहणाऱ्या नवरा-बायकोंना दोघांतली वरची पातळी मिळते. म्हणजे तुम्ही आता ५८ला एमराल्ड, तर तुमची मिसेसही एमराल्ड, तिचे स्वतःचे पॉइंट कमी असले तरी. १८च्या आतल्या मुलाला आई-वडिलांची पातळी मिळते. पण आई-वडील, लग्न झालेली बहीण, मेव्हणे यांना तुमच्या पातळीचा काहीच उपयोग नाही, मग भले ते वर्षातले सहा महिने तुमच्याकडे राहोत. डायमंडला रोज चार पेयं मिळतात (कॉफीसुद्धा चालते), तीही तुमच्याच कार्डावर. आईंना कॉफी पाजायची तर तुमच्या कार्डावरची आणून द्या, बास.

आता पैसे भरण्याने पॉइंट मिळतात अशी एकच जागा मला माहीत आहे, आणि ती मी स्वतः भोगतेय. आमचे हे २०१९ला गेले. त्यानंतर मी एकटी जाते. केबिन दोघांची असते म्हणून भाडं दोघांचं भरावं लागतं, आणि त्याबदल्यात मला रात्रीला एक जादा पॉइंट मिळतो. साध्या केबिनला दोन. अशानेच मी १७५ ओलांडून डायमंड प्लस झाले. मुलगा म्हणतो, आई, मी भाडं भरतो, तू फक्त जा. भरतो पण. पॉइंट माझेच, कारण केबिनमध्ये मी एकटीच आहे. पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा डायनिंग रूममध्ये वेटरने समोरची खुर्ची काढू का विचारलं. मी म्हटलं, राहू दे. आताही तसंच सांगते.

सूटवर तुमचं नाव टाकण्याचं म्हणाल, तर ते लोक करतात. कागदावर केबिनची अदलाबदल करतात, काउंटरवरून जास्तीच्या चाव्या घेतात, आणि पॉइंट ज्याचं नाव सूटवर त्याला मिळतात. पण माझं ऐकाल तर तुम्ही करू नका. सीपास कार्डावर मस्टर स्टेशन छापलेलं असतं, आणीबाणीत कुठे जमायचं ते. ते कागदावरच्या केबिनप्रमाणे असतं. गुडघे दुखणाऱ्या ७४ वर्षांच्या माणसाच्या कार्डावर एका टोकाचं स्टेशन आणि तो झोपलाय दुसऱ्या टोकाला, हे मला पटत नाही. सात-आठ पॉइंटांसाठी तर नाहीच. शिवाय सूटच्या माणसाला मिळणाऱ्या बारीकसारीक सोयी त्यांच्या कार्डावर दिसायला हव्यात, नाहीतर आई दारात उभ्या राहून तुम्हाला फोन करत बसतील.

मुलुंडवाली

काकूंनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त आपल्या नावांचा घोळ सांगते, कारण त्यात माझ्या रात्री हरवल्या होत्या.

आपल्या पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बऱ्याचदा आत शिरलेलं असतं. मी २०१९च्या डिसेंबरात सिंगापूरहून रॉयलच्या क्वांटम बोटीवर गेले तेव्हा माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा होता. २०२३ला स्पेक्ट्रमवर गेले तोपर्यंत नवा पासपोर्ट, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. दोन्ही वेळा बुकिंग करणाऱ्याने "नवीन प्रवासी" म्हणून नोंद केली. मला दोन वेगवेगळे नंबर. एकात ४ रात्री, दुसऱ्यात ३. दोन्हीकडे मी गोल्ड, आणि पुढच्या बुकिंगला नेमका कोणता टाकायचा हे मलाच कळेना. दोन्ही पासपोर्टांची पहिली पानं आणि लग्नाचा दाखला पाठवल्यावर एकत्र झाले.

तुमच्या आई-बाबांचं बुकिंग एजंटने केलंय ना? मग त्यांचे नंबर एकतर एजंटच्या ईमेलला गेलेत किंवा तुमच्या. पुढच्या वेळी तोच नंबर टाका, नाहीतर नवीन तयार होईल आणि परत शून्यापासून सुरुवात.

आणखी एक, तुम्हाला लागू नाही पण इथून जाणाऱ्यांसाठी लिहिते. आमच्या सफरीचे पैसे माझ्या मुलाने भरले, तर टीसीएस (परदेशी सहलीचे पैसे भरतानाच घेतला जाणारा कर) त्याच्या पॅनवर कापला गेला. तो त्याच्याच विवरणपत्रात वळता झाला. कार्डाचे रिवॉर्डही त्याचे. रात्री तेवढ्या आमच्या. पैसे कोणाच्या खात्यातून जाणार हे बुकिंगच्या आधी ठरवा, म्हणजे मग पॅन बदला म्हणून एजंटच्या मागे लागावं लागत नाही.

सिडनीत सध्या

रॉयलचा नियम सगळीकडे लागू आहे असं समजू नका. आम्ही प्रिन्सेस या दुसऱ्या क्रूझ कंपनीने जातो. तिथे सफरीही मोजतात आणि दिवसही, जे आधी पूर्ण होईल ते धरतात: ५ सफरी किंवा ५० दिवस झाले की पुढे प्लॅटिनम, १५ सफरी किंवा १५० दिवसांनंतर एलिट. सूट घेतला किंवा एकट्याने पूर्ण भाडं भरलं तर एका सफरीला दोन सफरींचं श्रेय. तिथेही प्रवास करणाऱ्यालाच. माझ्या सासऱ्यांच्या तीन छोट्या सफरींनी त्यांना रूबी (प्लॅटिनमच्या आधीची पातळी) केलं, दिवस जेमतेम बारा.

हॉलंड अमेरिकामध्ये दिवसांबरोबर बोटीवरचा खर्चही धरतात, ३०० डॉलरला एक दिवस. एमएससीमध्येही बोटीवरच्या खर्चाला गुण आहेत. आणि कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केलं की जून २०२६ पासून रात्री मोजायच्या नाहीत, खर्चावर ठरवायचं. सगळ्यांचं बिल एकच मुलगा उचलतो अशा घराने अशा ठिकाणी बुकिंगआधीच विचारून घ्यावं की कोणाचा खर्च कोणाच्या नावावर पडणार.

एडिसनकर

काकू, मुलुंडच्या ताई, सिडनीकर, मनापासून आभार. काल रात्री बसून जुनी ईमेलं उपसली. आई-बाबांचे दोन्ही नंबर माझ्याच ईमेलला आले होते, मी जाहिरात समजून उघडलेच नव्हते. दोघांच्याही खात्यात १४-१४. काकू म्हणाल्या तसंच.

आज सकाळी (त्यांची संध्याकाळ) बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बाबांनी आधी विचारलं, "हे माझे आहेत की तुझे?" तुमचे, म्हटलं. मग पुढची पातळी कितीला ते विचारलं. ३०ला प्लॅटिनम. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे सोळा पाहिजेत." पुढच्या वर्षी ८ रात्रींची बघतोय. त्याच ज्युनियर सूटमध्ये त्यांना ठेवलं तर बरोबर १६ होतात. सूटवर नाव त्यांचंच राहील, मस्टर स्टेशनचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एजंटला फोन करून सांगितलं की तुम्ही दिलेली माहिती चुकीची होती, दुसऱ्या कुणाला तशी देऊ नका. या वेळी बुकिंग मी स्वतः करणार.

ताई, एकच विचारायचं राहिलं. आईच्या खात्यात तिचं नुसतं नाव आणि आडनाव आहे, पासपोर्टात मधे बाबांचं नाव आहे. हे आत्ताच बदलून घेऊ की बुकिंग झाल्यावर?

मुलुंडवाली

आत्ताच. पासपोर्टात जसं छापलंय अगदी तसं, जन्मतारखेसकट. आणि बाबांचंही बघा, त्यांच्यात आजोबांचं नाव असेल.