रेडिएटरला काळा रंग मारला की गाडी तापत नाही?

खानापूरकर :
परवा आपल्या ग्रुपवर जांबोटीकरांनी लिहिलं, 'रेडिएटरला काळा रंग मारून घ्या. काळा रंग उष्णता बाहेर टाकतो, गोव्याच्या वाटेवर चोर्ला घाटात तापमानाचा काटा वर चढणार नाही.' खाली नुसते अंगठे. हिशोब एकानंही मागितला नाही, म्हणून मीच मांडतो. पत्रा ९० अंशांवर, बाहेर ४० अंश, तर एका चौरस मीटर काळ्या पत्र्यातून किरणांवाटे जातात साधारण ४०० वॉट. रेडिएटरचं तोंड पाव चौरस मीटर धरा, म्हणजे १०० वॉट. घाट चढताना त्याच रेडिएटरातून २०-३० किलोवॉट बाहेर पडावे लागतात. ते काम वारा करतो. ब्रशनं ऑइलपेंट फासला की फिन्सच्या, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांच्या, फटी बुजतात आणि तो वाराच अडतो. असले सल्ले देऊ नका, लोक ऐकतात.

निपाणी ट्रकवाला :
कागदावर गाडी चालत नाही वो. आमच्या जुन्या गाड्यांचे पितळी रेडिएटर कंपनीतूनच काळे यायचे. ते बनवणारे येडे होते काय? भरलेली गाडी तवंदी घाटातून काढलीय आम्ही, वॉट मोजत बसलो नव्हतो.

उद्यमबाग :
ट्रकवाले, तो रंग गंज लागू नये म्हणून आणि जाळीआडून पितळ चकाकू नये म्हणून असायचा. आताचे ॲल्युमिनियमचे बहुतेक बिनरंगाचेच येतात. पण खानापूरकर, तुम्हीही ताणालाय. स्प्रेचा एक पातळ हात, ५० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, यानं फार तर दोन-चार टक्के फरक पडेल. रंगातून उष्णता ॲल्युमिनियमच्या हजारपटीनं कमी वाहते, खरं आहे. तरी खरा अडथळा फिनला चिकटलेल्या हवेचा असतो, तो त्याहून कितीतरी मोठा.

खानापूरकर :
दोन-चार टक्के मे महिन्यात घाटात कुठून आणणार? आणि आपल्याकडे पातळ हात कोण मारतो? पेंटर डबा संपेपर्यंत थांबत नाही.

चिकोडी ऊसवाला :
रंगाचं काय घेऊन बसलाय! गळीत हंगामात ट्रॅक्टरच्या जाळीवर पाचट आणि धुरळा बसतो, रोज हवा मारावी लागते. ते कुणी करत नाही. आणि पाण्याऐवजी कूलंट घाला, कूलंट घाला म्हणून जी लूट चाललीय त्यावर बोला. माझे वडील आयुष्यभर बोअरचं पाणी घालत आले, इंजिन अजून धडधडतंय.

अनगोळ :
वडिलांचा ट्रॅक्टर पितळी रेडिएटरचा, मोठ्या नळ्यांचा. आताच्या ॲल्युमिनियमच्या नळीत आतली फट दीड-दोन मिलिमीटर. बोअरच्या पाण्याचा क्षार त्यात बसला की संपलं. माझ्या दिराची गाडी हत्तरगीजवळ अशीच उकळली, इंजिनचं हेड वाकलं. बाहेरच्या रंगावर एवढं भांडण, आणि आतून चुना फासलेला तुम्हाला चालतो!

चिकोडी ऊसवाला :
ताई, दिरानं काटा बघायला नको? पाण्यावर खापर फोडू नका. आम्ही शेतकरी आहोत, आम्हाला पाणी शिकवू नका.

अनगोळ :
शिकवणारच. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, उघडं पाणी इथं ९७-९८ अंशांलाच उकळतं. कूलंटमधलं ग्लायकॉल निम्मं असलं तर १०५च्या आसपास जातं, आणि रेडिएटरच्या टोपीनं दाब धरला की आणखी वर. टोपीचं रबर शेवटचं कधी बघितलंत?

निपाणी ट्रकवाला :
टोपीचं ताईंचं बरोबर आहे. रबर गेलं की कूलंट कितीही भारी असो, उकळणारच. हे आमच्या लाईनीत पोराटोरांनाही ठाऊक आहे.

चिकोडी ऊसवाला :
टोपी बदलतो. बोअर सोडणार नाही. लिटरचे भाव बघितलेत काय तुम्ही?

उद्यमबाग :
मग निदान पावसाचं पाणी साठवून घाला. क्षार तरी नसतो.

जांबोटीकर :
सगळे माझ्यावर घसरलाय म्हणून लिहितोय. माझी गाडी कणकुंबीच्या अलीकडेच तापायची. रंग मारल्यापासून थेट गोव्यापर्यंत काटा मध्यावर. डोळ्यांनी बघितलेलं खोटं काय?

खानापूरकर :
खोटं कोण म्हणतंय? रंग मारायला रेडिएटर खाली उतरवला होता ना? तेव्हा काय काय केलंत, सगळं सांगा.

जांबोटीकर :
उतरवला होता. मेस्त्रीनं प्रेशरनं धुतला, तांबडी माती बादलीभर निघाली. वाकलेल्या फिन्स सरळ केल्या. कूलंट नवीन भरलं.

अनगोळ :
आणि श्रेय रंगाला!

जांबोटीकर :
बरं, धुण्याचाही हात असेल. पण रंगानं बिघडलं तर काही नाही ना? मग एवढं आकांडतांडव कशाला?

खानापूरकर :
कारण तुमचं वाचून कुणीतरी न धुता, मातीवरच रंग मारणार. त्या मेसेजखाली 'आधी धुऊन घ्या, मग पातळ स्प्रे' एवढं तरी लिहा.

जांबोटीकर :
धुवायचं लिहितो. रंगाची ओळ खोडणार नाही.